वेतोबाच्या वहाणा

विज्ञानकथांचा गठ्ठा एप्रिल-मेमध्ये यायला लागतो. गठ्ठा आपला म्हणायचा. प्रत्यक्षात ईमेलला जोडलेल्या फायली. दिवाळी अंकासाठी त्या वाचायचं काम माझ्याकडे असल्यामुळे एका गृहस्थांचा मला फार सहवास घडतो. हे गृहस्थ म्हणजे डॉ. अविनाश. कधी ते डॉ. सत्यजित असतात, कधी डॉ. भास्कर, आडनाव बहुधा नसतंच. साल 2150, रात्रीचे दोन वाजलेले, प्रयोगशाळेत डॉक्टर आणि त्यांचा सहायक, दोघंच. हा सहायक दहा वर्षं त्याच यंत्रावर काम करत असतो आणि तरीही विचारतो, ‘सर, म्हणजे नेमकं काय होणार?’ मग सर दीड पान बोलतात. पुढे यंत्र बिघडतं, किंवा कुणाला तरी जाग येते, किंवा यंत्रमानवाच्या डोळ्यांत पाणी तरळतं.

अद्भुतकथांच्या फायलींत डॉक्टरांच्या जागी एक पोरका मुलगा असतो. त्याच्या खांद्यावर जन्मखूण, त्याच्याविषयी एक जुनी भविष्यवाणी, उत्तरेला बर्फाचं राज्य आणि त्यावर घिरट्या घालणारा ड्रॅगन. लिहिणारा असतो साताऱ्याचा किंवा परभणीचा. बर्फ त्याने मालिकेत पाहिलेला असतो.

या मंडळींची मला चेष्टा करायची नाही. त्यांचं विज्ञान पुष्कळदा माझ्याहून पक्कं असतं. निम्मे तर अभियंतेच असतात. भाषाही बरी असते, उत्साहाला तर तोटाच नाही. तरी कथा वाचून संपली की हाताला काही लागत नाही. याचं कारण मी बरेच दिवस शोधत होतो आणि ते मला विज्ञानकथेत न सापडता एका देवळात सापडलं.

सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यात आरवली नावाचं गाव आहे. मराठी वाचकाला ते जयवंत दळवींचं गाव म्हणून ठाऊक असतं. तिथला देव वेतोबा. मूर्ती चांगली पुरुषभर उंचीहून मोठी. पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. या देवाला नवस फेडताना केळ्यांचा घड देतात आणि वहाणा वाहतात. चांगल्या चामड्याच्या, कुठल्याही माणसाला ढगळ होतील एवढ्या मोठ्या. कारण वेतोबा रात्री गावाच्या राखणीला बाहेर पडतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात. जुन्या जोडांचे तळ पाहा, असं भाविक सांगतात.

अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्याने शिकावं असं जवळजवळ सगळं या एका प्रथेत आहे. देव रात्री फिरतो एवढं सांगितलं तर ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. देव काहीही करू शकतात, त्यात नवल काय? पण वहाणा झिजतात म्हटलं की देवाला पाय येतात, पायांखाली कातळ येतो, वाट येते, थकवा येतो. वहाणा करणारा कारागीर येतो. त्याने घेतलेलं माप येतं, आणि ते कुणाच्या पायाचं हा प्रश्नही येतो. गावावर खर्च येतो. एखाद्या वर्षी नवस फेडायला कुणीच आलं नाही, तर देव अनवाणी जाईल की घरी बसेल? मला विचाराल तर कथा या प्रश्नापासून सुरू होते. राखणदाराच्या सामर्थ्याच्या वर्णनापासून नव्हे.

डॉ. अविनाशांच्या यंत्राचं नेमकं हेच नसतं. ते चालतं किंवा फुटतं. झिजत मात्र नाही. त्याचं वीजबिल कुणी भरत नाही, त्यापायी कुणाची नोकरी जात नाही, शेजारच्यांची झोपमोड होत नाही. नव्या लेखकाला माझं सांगणं आहे ते इतकंच: चमत्कार एकच ठेवा, पण तो कुठे झिजतो आणि ती झीज कोण भरून देतं, हे शोधल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठ्यांचा धीर खचला. कथेत ती गोळी त्यांना चाटून जाते. बदल एवढाच. त्या चुकलेल्या गोळीने पुढचा सगळा इतिहास दुसऱ्या रुळावर जातो आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून रेल्वेने मुंबईला उतरतात तेव्हा तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदत असते. आता अशा वेळी आपले डॉ. अविनाश काय करतील? खिशातून उपकरण काढतील. गंगाधरपंत ग्रंथालयात जातात आणि इतिहासाची पुस्तकं काढून बसतात, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केलेलं आहे. पुढे आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून या गृहस्थांना राहवत नाही. सभांची अध्यक्षस्थानं भूषवण्याची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली, की ती समांतर विश्वातही सुटत नाही. कथेतलं पुंजभौतिक विसरलेल्या वाचकालाही ती खुर्ची आठवते. एक गोळी जागची हलवायची आणि बाकीचा माणूस, त्याच्या खोडींसकट, आहे तिथे ठेवायचा, हे दिसतं तितकं सोपं नाही. त्यासाठी आधी माणसं निरखलेली असावी लागतात.

नारळीकरांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या पहिल्या कथेचीही आठवण करून देतो. ती ऐकलेली नसेल असा विज्ञानकथालेखक विरळा, पण तिचा अर्थ लक्षात घेणारेही विरळाच. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून बेतलेलं हे नाव. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून दिली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्या वेळी नारळीकर काही धडपडणारे होतकरू नव्हते. फ्रेड हॉइल यांच्याबरोबरच्या संशोधनामुळे त्यांचं नाव जगभर झालं होतं आणि 1965 मध्येच पद्मभूषणही मिळालं होतं. कुठल्याही संपादकाने त्यांच्या नावावर कथा डोळे झाकून छापली असती. त्यांना ती डोळे उघडे ठेवून वाचलेली हवी होती. आज मला येणाऱ्या ईमेलमध्ये कथेआधी लेखकाच्या पदव्या, पुरस्कार, समाजमाध्यमांवरच्या अनुयायांची संख्या असं अर्धं पान असतं. हौसेने लिहिलेलं असतं, मी वाचतोही. पण गुण कथेलाच द्यावे लागतात.

याहून जुना एक नमुना बंगालमधला आहे आणि तो मला फार आवडतो. 1896 मध्ये ‘कुंतलीन’ नावाच्या केशतेलाच्या कारखानदाराने कथास्पर्धा काढली. अट अशी, की कथेत तेलाचं नाव आलं पाहिजे, पण जाहिरात वाटता कामा नये. पहिलं बक्षीस मिळालं ते जगदीशचंद्र बोसांना. त्यांच्या कथेत समुद्रावर उठलेलं भीषण वादळ बाटलीभर केशतेल ओतल्याने शमतं. एवढ्याशा तेलाने वादळ शमत नाही हे बोसांइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तेलाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, लाटा दबतात, हे खरं आहे. त्या खऱ्याच्या टोकाला धरून त्यांनी थाप मारली आहे. पंधराशे शब्दांची मर्यादा जाचक आहे अशी तक्रार करणाऱ्या लेखकांना मी या बाटलीची गोष्ट सांगतो. विज्ञान आणि विनोद यांचं आपल्याकडे फारसं जमत नाही हेही जाता जाता सांगायला हवं. आपली विज्ञानकथा फार गंभीर चेहऱ्याने वावरते, जणू तिला विद्यापीठात व्याख्यान द्यायचं आहे.

विज्ञान खरं असावं की नाही, यावर नव्या लेखकांत हमरीतुमरी चालते. माझ्या मते प्रश्न चुकीचा आहे. खरं विज्ञान ही वाचकाची मागणी नसेलही, पण लेखकाची ती सोय आहे, कारण कल्पनेपेक्षा वस्तुस्थिती अधिक विक्षिप्त असते आणि ती फुकट मिळते. एक उदाहरण देतो. कुणाला हवं असेल तर घ्या. नवरा मंगळावर आहे, बायको नाशिकला. पृथ्वी आणि मंगळ जवळ असतात तेव्हा संदेश पोचायला साधारण तीन मिनिटं लागतात, लांब असतात तेव्हा बावीस. म्हणजे बोललेल्या वाक्याला उत्तर यायला कमीत कमी सहा मिनिटं आणि वाईटात वाईट पाऊण तास. आता या दोघांचं भांडण लिहा. तिने रागाने काहीतरी बोलायचं, लगेच पश्चात्ताप होऊन माफी मागायची. पण माफी वाटेत असतानाच त्याने पहिल्या वाक्याला दिलेलं उत्तर तिकडून निघालेलं असतं. दोघांची वाक्यं अंतराळात एकमेकांना ओलांडून जातात. शिवाय मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा. म्हणजे आज दोघांची सकाळ जुळली असेल, तर अडीच आठवड्यांनी त्याची दुपार तिच्या मध्यरात्री येते. मंगळावर गाड्या चालवणाऱ्या नासाच्या लोकांनी 2004 मध्ये पृथ्वीवर राहूनच हे भोगलं आहे. मंगळाच्या घड्याळाप्रमाणे रोज चाळीस मिनिटं उशिरा कामावर यायचं आणि भर दुपारी जाड पडदे ओढून झोपायचं. त्यांच्या घरच्यांनी हे कसं काढलं असेल? या कथेला यंत्रमानव लागत नाही, परग्रहवासी लागत नाही. प्रकाशाचा वेग तेवढा पाठ असला की पुरे.

स्थळांचंही तेच. मराठी कथेतली तबकडी अजून अमेरिकेच्या वाळवंटात उतरते. का? जुन्नर तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या असलेली रेडिओ दुर्बीण आहे. तिचा एक मोठा भाग खोडदजवळ एकवटलेला, बाकीच्या तबकड्या दूरवर तीन बाहूंत पसरलेल्या. आकाशातून येणारे तिचे संकेत इतके क्षीण, की आसपासच्या विजेच्या तारा आणि मोबाइलचे मनोरे म्हणजे तिच्या लेखी गोंगाट. आणि दुर्बिणीच्या शेजारचं नारायणगाव कशासाठी प्रसिद्ध? द्राक्षांसाठी आणि तमाशासाठी. तमाशा कलावंत विठाबाईंचं हे गाव. जत्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. फडाचा जुनाट जनरेटर ठिणग्या टाकतोय, आणि पाच-सहा मैलांवर कुणीतरी कानात प्राण आणून विश्वाच्या आरंभाकडे कान लावून बसलंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला ज्योतिर्लिंग आहे. त्याच परिसरात गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो वेधशाळा उभारायचं काम मंजूर झालेलं आहे, चार-चार किलोमीटर लांब दोन बाहूंची. लोणारचं विवर आहे, ज्याचं खारं पाणी 2020 च्या जूनमध्ये सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं. हे सगळं कथेची वाट पाहत पडून आहे. मात्र लोणारचं नाव घातलं म्हणजे कथा मराठी झाली असं समजू नका. तिथली माणसं कुणावर चिडतात आणि कशासाठी पैसे साठवतात हे ठाऊक नसेल, तर लोणार हा मागे टांगलेला पडदाच राहतो.

आता चित्रकारांविषयी. त्यांच्यावर आपल्याकडे अन्याय होतो हे आधी कबूल करू या. पुष्कळदा त्यांच्या हाती कथेचं शीर्षक आणि दोन ओळींचा सारांश पडतो, तोही अंक छापायला जायच्या आठवड्यात. अशा वेळी हेल्मेट घातलेला माणूस आणि मागे वलयं असलेला ग्रह निघाला तर दोष कुणाचा? तरीही सांगतो: संपूर्ण कथा मागून घ्या. देत नसतील तर भांडा.

कथा वाचल्यावर कुठला क्षण काढायचा, इथे चित्रकाराची खरी परीक्षा. ‘चांदोबा’ वाचून वाढलेल्या कुणालाही विक्रम-वेताळाचं चित्र डोळे मिटून सांगता येईल. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, स्मशानातून चाललेला राजा. ते काढलं के. सी. शिवशंकरन यांनी, म्हणजेच ‘शंकर’ यांनी. वेताळ दर महिन्याला नवी गोष्ट सांगायचा, तीत राजकन्या असायच्या, मांत्रिक असायचे, पण मनात ठसला तो हा चालणारा राजा. त्या चित्रात कुठलाही कळसाचा प्रसंग नाही. एक माणूस ओझं घेऊन चालतो आहे आणि ते ओझं पुन्हा झाडावर जाणार आहे हे आपल्याला ठाऊक आहे. वेतोबाच्या वहाणांचंच हे भावंड म्हणा. चमत्काराचा भार अंगावर कुठे पडतो ते दिसलं पाहिजे. नव्या चित्रकाराने कथेतला स्फोट काढण्याआधी, स्फोटानंतर झाडू मारणारा माणूस काढून पाहावा.

अवकाशचित्रांचा गुरू मानला जातो तो अमेरिकेचा चेस्ली बोनेस्टेल. हा मूळचा वास्तुरचनेतला माणूस. पुढे हॉलिवूडमध्ये पार्श्वभूमीची चित्रं रंगवायचा. 1944 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याची शनीची चित्रं आली. टायटन या उपग्रहावरून शनी केवढा दिसेल, सूर्याचा प्रकाश कुठून पडेल, हे त्याने मोजून काढलं होतं. टायटनचं आकाश त्याने निळं, स्वच्छ रंगवलं. पुढे 1980 मध्ये व्हॉयेजर-1 यान टायटनजवळून गेलं तेव्हा स्पष्ट दिसलं की तिथे दाट नारिंगी धुकं आहे. चंद्रावरचे त्याचे सुळक्यांसारखे डोंगरही प्रत्यक्षात गोलसर निघाले. म्हणून त्याची चित्रं खोटी ठरली का? मुळीच नाही. त्या काळी जेवढं कळणं शक्य होतं तेवढं त्याने कळून घेतलं होतं. अज्ञानाची चूक काळ माफ करतो. आळसाची चूक मात्र आजच दिसते. मंगळाचं आकाश दिवसा पिवळट-गुलाबी असतं आणि सूर्यास्ताच्या वेळी सूर्याभोवती निळसर होतं, म्हणजे आपल्या बरोबर उलट. 1976 मध्ये व्हायकिंग यानाचं पहिलं रंगीत छायाचित्र प्रसिद्ध झालं तेव्हा शास्त्रज्ञांच्याही हातून त्यात आकाश निळं झालं होतं, मग दुरुस्ती करावी लागली. डोळ्यांची सवय इतकी दांडगी असते. पण आता ती दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं होत आली. आजच्या मुखपृष्ठावर मंगळावरचा सूर्यास्त तांबडा दिसला, तर ती सवय नव्हे, हयगय.

लेखक आणि चित्रकार एकाच अंगात असतील तर काय होतं हे पाहायला सत्यजित राय यांचा प्रोफेसर शंकू वाचावा, आणि बघावाही. 1961 मध्ये ‘संदेश’ मासिकातून तो अवतरला. गिरिडीहला राहणारा हा टकला शास्त्रज्ञ, त्याचा नोकर प्रल्हाद आणि मांजर न्यूटन. शंकूचं रॉकेट कशापासून बनतं? अळंबी, सापाची कात आणि कासवाच्या अंड्याचं कवच. विज्ञान म्हणाल तर शून्य. पण सगळं तारीखवार रोजनिशीत लिहिलेलं आणि शेजारी रायांनी स्वतःच्या हाताने काढलेलं मांजर. मांजर इतकं खरं, की रॉकेटवरही विश्वास बसतो.

यंत्राकडून चित्र काढून घेण्याविषयी, आणि कथाही लिहून घेण्याविषयी, हल्ली मला हमखास विचारलं जातं. अमेरिकेतल्या ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या नामांकित विज्ञानकथा मासिकाला फेब्रुवारी 2023 मध्ये यंत्रलिखित कथांच्या पुरामुळे नव्या कथा घेणंच काही काळ बंद करावं लागलं. आमच्या अंकाकडेही अशा कथा येतात. त्यांतही डॉ. अविनाशच असतात, फक्त वाक्यं अधिक गुळगुळीत. हे साहजिकच आहे, कारण यंत्र बहुतेकांनी बहुतेक वेळा जे लिहिलं त्याची सरासरी काढतं, आणि सरासरीत आरवलीच्या वहाणा येत नाहीत. मी अशा कथा परत करतो. त्याला तात्त्विक कारणंही आहेत, पण मुख्य कारण असं, की त्या कंटाळवाण्या असतात.

रॉबर्ट हाइनलाइन यांनी 1947 मध्ये विज्ञानकथालेखकांसाठी पाच नियम सांगितले होते: लिहा, पूर्ण करा, संपादकाने सांगितल्याशिवाय पुन्हा लिहू नका, बाजारात आणा, आणि खपेपर्यंत बाजारातून मागे घेऊ नका. पहिले दोन आणि शेवटचे दोन भिंतीवर लावा. तिसरा मराठीत चालत नाही. त्यांच्याकडे संपादक कथेतल्या उणिवांवर लांबलचक पत्रं लिहीत. आपल्याकडे संपादक कथा छापतो किंवा गप्प बसतो. बहुतेक ठिकाणी पुनर्लेखन सुचवायला त्याला वेळ नसतो, आणि मानधन एवढं असतं की कुणी आग्रहही धरू नये. तेव्हा तो संपादक आपणच व्हायचं. कथा लिहून झाली की महिनाभर बाजूला ठेवा. मग विज्ञानाशी काडीचाही संबंध नसलेल्या घरातल्या माणसाला वाचून दाखवा, आणि ती व्यक्ती कुठे उठून गॅस बघायला जाते तिथे खूण करा. बहुधा ते डॉक्टरांचं दीड पान असतं.

दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची असेल तर मेअखेरपर्यंत पाठवा. चित्रकारांनी आपल्या कामाचे चार-पाच नमुने त्याच सुमाराला पाठवावेत. कथा निवडून झाल्या की लगेच चित्रं सांगायची असतात. सप्टेंबरात आलेली कथा कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात जाते. आणि कथेत डॉ. अविनाश असतील, तर निदान त्यांना आडनाव द्या.